आत गाळणी असलेली काचेची चहाची किटली: निवडीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. घरातील दोन माणसांसाठी काचेची किटली घ्यायची आहे आणि तिच्यातच बसणारी गाळणी हवी आहे. आमच्याकडे सकाळचा चहा दुधाचा, आल्याचा आणि पातेल्यात उकळलेलाच असतो. त्यात बदल करण्याचा विचार नाही, आणि अमृततुल्यांच्या गावात राहून तसा विचार करणे शहाणपणाचेही नाही. ही किटली हवी आहे ती दुपारच्या बिनदुधाच्या चहासाठी. कधी दार्जिलिंगची लांब पाने, कधी ग्रीन टी, पावसाळ्यात कुंडीतला गवती चहा, आणि पाहुण्यांत लहान मुले असली तर गोकर्णीची निळी फुले, कारण त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळे होताना पाहण्यातच मुलांचा अर्धा आनंद असतो. चिनी मातीची किटली घरात आहे, परंतु चहा कितपत उतरला आहे हे तिच्यात डोकावूनही नीट समजत नाही, म्हणून या वेळी काचेचा आग्रह आहे.

तुळशीबागेत आणि रविवार पेठेतील बोहरी आळीत पाहणी केली. ६०० मिलिलीटर आणि १ लिटर अशी दोन मापे बहुतेक ठिकाणी दिसली. मोठी किटली किमतीने फारशी महाग नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या सोयीसाठी तीच घ्यावी असे घरातल्यांचे मत आहे. माझे मन मात्र त्याला तयार होत नाही, कारण मोठ्या किटलीतली गाळणी तोंडापासून जेमतेम निम्म्यापर्यंत पोहोचते आणि आम्हा दोघांचा चहा म्हणजे फार तर ३०० मिलिलीटर. अशा वेळी पाने पाण्यात बुडणार कशी, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याखेरीज दोन शंका आहेत. गाळणी स्टीलच्या विणलेल्या जाळीची घ्यावी, बारीक भोके पाडलेल्या स्टीलच्या पत्र्याची घ्यावी, की काचेचीच, उभ्या चिरा असलेली घ्यावी? आणि काही खोक्यांवर गॅसवर ठेवता येईल असे छापलेले असते, त्यावर कितपत विश्वास ठेवावा? आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते आणि ते चांगलेच जड असते, हेही उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे. दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे, आणि बहुतेक लोक किटली पाहताना नेमकी हीच गोष्ट पाहत नाहीत. किटलीचे माप मोठे की लहान यापेक्षा गाळणीचा तळ किटलीच्या तळापासून किती वर राहतो, हे महत्त्वाचे आहे. दोन माणसांचा चहा करताना पाण्याची पातळी गाळणीच्या तळाला जेमतेम टेकत असेल, तर खालची थोडी पाने भिजतात, वरची नुसत्या वाफेवर राहतात आणि चहा फिका होतो. मग माणूस पाने वाढवतो आणि पैसे वाया जातात. दुकानात जाताना ३०० मिलिलीटर पाणी मोजून बाटलीत घेऊन जावे आणि दुकानदाराची परवानगी घेऊन किटलीत ओतून पाहावे. गाळणीचा निदान खालचा अर्धा भाग बुडाला पाहिजे. खोक्यावर छापलेले माप अनेकदा काठोकाठ भरल्यावरचे असते, तेव्हा ६०० मिलिलीटरच्या किटलीत प्रत्यक्षात ५०० च्या आसपास चहा धरावा. म्हणजे दीडशे मिलिलीटरचे तीन कप निघतात. पाहुणे आले तर दुसऱ्यांदा पाणी ओतावे. चांगली दार्जिलिंगची पाने दुसरे पाणी सहज सोसतात.

गाळणी रुंदही हवी. कोरडी पाने भिजल्यावर कितीतरी पटींनी फुगतात आणि अरुंद नळीत कोंबली गेली, तर मधल्या पानांपर्यंत पाणी फिरत नाही. चहाची चव तुलनेने तपासण्याची जी आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धत आहे, तिच्यात १०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे असे प्रमाण धरतात. ते चाखणाऱ्यांच्या सोयीचे कडक प्रमाण आहे. घरी तितकाच चहा घेऊन ३ ते ४ मिनिटे पुरतात. त्या हिशेबाने तुमच्या ३०० मिलिलीटरला ६ ग्रॅम पाने लागतील आणि लांब पानांचे ६ ग्रॅम दिसायला बरेच असतात.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. चहा मुरल्यावर गाळणी बाहेर काढायलाच हवी, नाहीतर दुसरा कप कडवट होतो. परंतु पुष्कळ किटल्यांत झाकण गाळणीच्या काठावर टेकलेले असते. गाळणी काढली की झाकण आत पडते किंवा डगमगते, आणि उघड्या काचेच्या भांड्यात चहा भराभर निवतो. गाळणी असताना आणि नसताना, दोन्ही वेळा झाकण नीट बसते का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये. किटली तिरकी करून झाकण घसरत नाही ना, तेही पाहावे.

प्रतिसाद २

काचेबद्दल लिहितो. खोक्यावर ‘बोरोसिलिकेट’ असे स्पष्ट छापलेले असावे. ही काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकसित केली. तिच्यात सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्क्यांच्या आसपास बोरॉनचे ऑक्साइड असते, त्यामुळे तापल्यावर ती साध्या काचेच्या जवळजवळ एक तृतीयांशच प्रसरण पावते. उकळते पाणी ओतल्यावर आतला पृष्ठभाग एकदम फुगतो आणि बाहेरचा थंडच राहतो. साधी काच त्या ताणाने तडकते, ही सहसा तडकत नाही. तरीही फ्रिजमधून काढलेल्या किटलीत उकळते पाणी ओतू नये आणि गरम किटली ओल्या ओट्यावर ठेवू नये.

गॅसविषयी माझे मत स्पष्ट आहे: ठेवू नये. ज्योत एकाच जागी लागते, पाणी आटले तर काच कोरडी तापते, आणि मूठ किंवा पट्टा चिकटवलेला असेल तर तो सैल होतो. इंडक्शनच्या शेगडीवर तर काच तापतच नाही. पाणी वेगळे उकळावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. काळ्या चहाला ते पुरेसे आहे. ग्रीन टीसाठी मात्र ७० ते ८० अंश हवे, म्हणून उकळलेले पाणी आधी दुसऱ्या भांड्यात ओतून थोडे निवू द्यावे.

बांबूचे झाकण दिसायला सुरेख असते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. मी ते घेणार नाही.

प्रतिसाद ३

गाळणी भोके पाडलेल्या स्टीलच्या पत्र्याची घ्यावी. विणलेल्या जाळीच्या कडेला, जिथे ती चौकटीत दाबलेली असते, तिथे पानांचे कण अडकतात आणि ब्रशनेही निघत नाहीत. काचेच्या गाळणीच्या चिरांतून लांब पाने जात नाहीत, परंतु तुकडा चहा थेट कपात येतो. तुम्ही फक्त फुले आणि गवती चहा करणार असाल, तर तीही चालेल. गवती चहा मात्र कात्रीने बारीक कापून, अगदी उकळत्या पाण्यात, ८ ते १० मिनिटे झाकून ठेवावा लागतो. त्याहून कमी वेळात नुसता वास येतो.

जड पाण्याने चहावर तवंग येतो आणि काचेवर पांढरट तपकिरी थर बसतो. टँकरच्या दिवसांत फिल्टरचे पाणी वापरावे. बसलेला थर चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवल्यास निघतो. तारेच्या घासणीने घासू नये. हात आत जाईल इतके तोंड रुंद असलेलीच किटली घ्या, नाहीतर तोटीच्या मुळाशी थर तसाच राहतो.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल आभारी आहे. ६०० मिलिलीटरची, पत्र्याची खोल गाळणी असलेली किटली घेण्याचे ठरवले आहे, आणि झाकणाची परीक्षा दुकानातच करेन. एवढेच विचारायचे राहिले: तोटीतून शेवटचा थेंब बाहेरून ओघळून टेबलावर पडतो, तो टाळण्यासाठी तोटीचे टोक कसे असावे?

प्रतिसाद १

टोक पातळ, कापल्यासारखे आणि किंचित खाली वळलेले असावे. जाड, गोलसर काठाला थेंब चिकटून मागे ओघळतो. बाटलीतले पाणी सोबत असेलच, त्यानेच ओतून पाहावे.