शब्दचर्चा : परजीवी ज्याच्यावर जगतो तो कोण? यजमान, पोषक की पोशिंदा?

शंका : ग्रीनलँड शार्कवरील मजकुराचे मराठी करताना एका शब्दापाशी अडले आहे. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या थंड, खोल पाण्यातल्या या माशाच्या डोळ्याला ‘ओमाटोकोइटा एलाँगाटा’ हा कोपेपॉड (लहान कवचधारी जलचर) गटातील परजीवी चिकटलेला आढळतो. त्याची काही सेंटिमीटर लांबीची मादी बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात स्वतःला कायमची रोवून घेते; पडदा जखमी होतो आणि माशाची दृष्टी अधू होऊ शकते. अशा माशाला परजीवीचा ‘यजमान’ म्हणावे का? शिवाय, ‘परजीवी’ बरोबर की ‘परोपजीवी’?

उत्तर : ‘यजमान’ हा शब्द मला येथे पटत नाही. संस्कृतात यजमान म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करविणारा. मराठीत तो पाहुण्यांचे आगतस्वागत करणारा घरधनी झाला आणि बायका नवऱ्याचा उल्लेखही ‘आमचे यजमान’ असा करू लागल्या. या सर्व अर्थांत कर्तेपण आहे, आमंत्रण आहे. ‘पॅरासाइट’ या शब्दाच्या मुळाशी दुसऱ्याच्या पंगतीला बसून जेवणारा असा ग्रीक अर्थ असल्यामुळे इंग्रजीत ‘होस्ट’ म्हणजे यजमान हे रूपक जुळते. मराठीतल्या ‘परजीवी’त मात्र पंगत नाही, त्यामुळे यजमानही उपरा वाटतो. ‘पोषक’ म्हटले की वाचकाला पोषक आहार आठवतो. उरतो ‘पोशिंदा’. तो आपण आदराने शेतकऱ्यासाठी वापरतो, हे खरे. पण पोसणे राजीखुशीनेच असते असे कोठे आहे? दृष्टी अधू झाली तरी हा शार्क परजीवीला पोसतोच आणि स्वतःही जगत राहतो, कारण अंधाऱ्या पाण्यात त्याची भिस्त बहुधा वासावर असते. २०१६ साली याच जातीच्या डोळ्यांतील भिंगांच्या गाभ्याचे कार्बनमापन करून हे मासे किमान २७२ वर्षे जगू शकतात असा अंदाज बांधला गेला.

‘परोपजीवी’ चूक नाही, पण श्रमजीवी म्हणजे श्रमावर जगणारा, तसाच परजीवी म्हणजे दुसऱ्यावर जगणारा, इतके पुरे आहे. ‘बांडगूळ’ मात्र टाळावे. झाडावरचे बांडगूळ हिरव्या पानांनी स्वतःचे अन्न काही अंशी तयार करते. ही मादी सर्वस्वी माशावर अवलंबून असते.

पुरवणी (आणखी एका वाचकाची) : ‘पोशिंदा’ला माझेही अनुमोदन आहे, कारण त्याला विशेषणे सहज लागतात. कॉड व हेरिंग माशांत आढळणाऱ्या ‘अ‍ॅनिसाकिस’ या गोलकृमीची अंडी देवमाशाच्या विष्ठेतून समुद्रात येतात, अळ्या आधी क्रिलसारख्या लहान कवचधारी प्राण्यांत आणि मग माशांत शिरतात, आणि तो मासा देवमाशाने गिळला म्हणजे त्याच्या जठरात कृमी प्रौढ होतो. येथे क्रिल आणि मासे हे मधले पोशिंदे, देवमासा अंतिम पोशिंदा. पाठ्यपुस्तकी ‘मध्यस्थ’ मला खटकतो, कारण मध्यस्थ तंटा मिटवतो. हे प्राणी नुसते वाटेत असतात. कच्चा मासा खाणाऱ्या माणसाच्या पोटात ही अळी दुखणे आणते, पण प्रौढ होत नाही, म्हणून त्याला ‘आगंतुक पोशिंदा’ न म्हणता ‘चुकून सापडलेला पोशिंदा’ म्हणावे; आगंतुक येथे अळी आहे.

शंकाकर्ती : आभारी आहे. वाक्य असे केले आहे : ‘हा परजीवी आपल्या पोशिंद्याच्या डोळ्यातच आयुष्य काढतो.’