मदत हवी आहे: सेकंडहँड स्क्रोल सॉ (लाकडात नक्षी कापायचं करवत-मशीन) घेतलंय, वेग वाढवला की खडखडतं आणि पातं निसटतं

राम राम मंडळी. परभणीहून लिहितोय. नोकरी बँकेत, सुतारकाम निव्वळ हौसेचं. पाच-सहा वर्षं हातातल्या फ्रेट सॉनं, म्हणजे बारीक पात्याच्या छोट्या करवतीनं, जाळी कापतोय. यंदा घरच्या देवघराला मोराच्या नक्षीची सागवानी जाळी करायला घेतली आणि निम्म्यात मनगटानं मान टाकली. डॉक्टर म्हणाले, करवत बाजूला ठेवा. मी ठेवली, आणि मशीन शोधायला लागलो. (डॉक्टरांना हे अपेक्षित नव्हतं, असं बायकोचं मत.)

वाळूजला खेळणी बनवणारं एक छोटं युनिट बंद पडलं, त्याच्या सामानात हे मिळालं. १६ इंची घसा (पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा), वेगाचं बटण, खालच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १२० वॅट एवढंच वाचता येतं. कंपनीचं नाव घासून गेलंय. सांगितले ६०००, दिले ४२००. त्यांनी चालवूनही दाखवलं, पण मंद वेगावर. मी खुळ्यासारखा तेवढ्यावर खूश झालो. गोधडीत गुंडाळून रेल्वेनं आणलं. समोरच्या मावशी जालन्यापासून "शिलाई मशीन केवढ्याला पडलं?" विचारत होत्या. परतूर येईपर्यंत मी समजावलं, मग "चार हजाराला" म्हणून मोकळा झालो.

आता दुखणं सांगतो. हळू चालवलं तर गपगुमान चालतं. बटण निम्म्याच्या पुढं नेलं की खट-खट आवाज आणि टेबल असं थरथरतं की वरचा चहाचा कप चालत काठापर्यंत येतो. पातं दोन-तीन मिनिटांत वरच्या खाचेतून निसटतं. पात्याच्या दोन्ही टोकांना आडव्या पिना आहेत, त्या खाचेत अडकवायच्या. पिन आत जायला भोकही मोठं पाडावं लागतं, त्यामुळं मोराच्या मानेजवळची बारीक जागा कापताच येत नाही. वरून टेबलावर दोन पावसाळ्यांचा गंज, आणि भुसा उडवायचा रबरी भाता फाटलेला.

माझा प्रश्न सरळ आहे. यावर पैसे घालावेत का भंगारात द्यावं? आणि घालायचे तर आधी कशावर?

खटपट्या
भाऊ, एवढा खटाटोप कशाला? बाजारात जिगसॉ दोन-अडीच हजारात नवं मिळतं की.

परभणीकर (धागाकर्ता)
जिगसॉ आहे माझ्याकडं. त्यानं प्लायवूडचा गोल कापतो. त्याचं पातं एकाच टोकाला धरलेलं, जाड, जाळीच्या घरात वळतच नाही. इथं पातं दोन्हीकडून ताणलेलं असतं, मशीन जागेवर राहतं आणि लाकूड फिरवायचं. कामच वेगळं आहे.

लेथवरचा माणूस
भंगारात देऊ नका. आधी प्लग काढा, पातं काढा, आणि वरच्या दांडीचं पुढचं टोक धरून डावी-उजवीकडं हलवून बघा. वर-खाली हलायलाच पाहिजे, आडवं हलता कामा नये. आडवं हललं तर मागच्या बिजागरीचे बुश (ज्यात दांडीचा पिन फिरतो त्या धातूच्या कड्या) झिजलेत. आवाजही तिथलाच आणि पातं निसटतंय तेही बहुतेक त्याच्यामुळंच, कारण वरची खाच आणि खालची खाच एका रेषेत राहत नाहीत. मग बिनापात्याचं हळूहळू वेग वाढवत चालवा. तरी खटखट झाली तर पात्याला दोष देऊ नका.

अन् एक चूक करू नका, जी मी केलीय. सैल वाटलं म्हणून बिजागरीचा बोल्ट आवळून टाकायचा. दांडी जाम होते, मोटार गरम होते, आणि झिजलेला बुश तसाच राहतो. बोल्ट एवढाच आवळायचा की दांडी स्वतःच्या वजनानं खाली यावी.

बुश कुठं मिळणार म्हणून घाबरू नका. आपल्या भागात विहिरीच्या पंपाचे बुश करणारा टर्नर गल्लीगल्लीत आहे. जुना बुश आणि दांडीचा पिन दोन्ही घेऊन जा, गनमेटलचा करून देईल. नुसतं माप सांगू नका, पिनही झिजलेला असतो.

करंटवाला
मोटारीबद्दल बोलतो. वेगाचं बटण आहे म्हणजे आत कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे काळे तुकडे) असण्याचीच शक्यता जास्त. बाजूला दोन काळी झाकणं दिसतील, स्क्रू ड्रायव्हरनं उघडतात. कार्बन नखाएवढा उरला असेल तर बदला. ठिणगी निळी, बारीक असली तर चालतं, गोल फिरणारी पिवळी ठिणगी दिसली तर थांबा. मोटार भरून घ्यायच्या, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून घ्यायच्या, फंदात मात्र लगेच पडू नका. आपल्याकडं काहीही बंद पडलं की "भरून आण" म्हणतात, पाच एचपीच्या मोटारीसारखं. जळालेली नसेल तर भरायची गरज नाही.

दुसरं, प्लग किती पिनांचा आहे? धातूचं धूड आहे, तीन पिनी आणि खरं अर्थिंग पाहिजे. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, तपासून घ्या.

लातूरची जाळीवाली
दादा, मी सात वर्षं पिनेच्या पात्यावर काढली, मग बिनपिनेच्या सपाट पात्यावर आले. दोन्ही ५ इंचीच असतात, पण सपाट पातं १ मिलिमीटरच्या भोकातून जातं, पिनेला चार-पाच लागतं. तुमच्या मोराच्या मानेचं उत्तर तिथं आहे. खाचेत बसणारा छोटा चिमटा टर्नरकडूनच करून घ्या, बारीक स्क्रूनं पातं आवळणारा. फक्त हलका ठेवायला सांगा. मिनिटाला हजारभर वेळा तो वर-खाली जातो, जड झाला की थरथर परत आलीच.

नवीन पात्याला तेल असतं. टोकं कापडानं पुसून पॉलिश पेपरवर एकदा घासा, नाहीतर चिमट्यातून सुटतं. दात खाली तोंड करून बसवा, बोट फिरवलं की कळतं. ताण किती? पातं तारेसारखं छेडायचं, स्वच्छ टणक सूर आला पाहिजे. ढब्ब वाजलं तर सैल. १८ मिलिमीटर सागवानाला ५ किंवा ७ नंबरचं पातं, पातळ फळीला २ नंबरचं बारीक पातं.

कापताना रेघेवरून एका अंगाला सरकतं असं वाटेल. तो मशीनचा दोष नाही, पात्याच्या एका कडेला बनवतानाच बारीक धारदार कंगोरा राहतो. लाकूड किंचित तिरपं धरून सारायचं, आठवड्याभरात हाताला सवय होते. आणि मास्क लावा. सागवानाचा भुसा कुणाकुणाला चांगलाच बाधतो, मला शिंकांनी हैराण केलं होतं.

लेथवरचा माणूस
टेबलाचं राहिलं. रॉकेल आणि बारीक वॉटर पेपर, मग कोरडं पुसून मेण. तेल लावू नका, लाकडावर डाग जातो. टेबल काटकोनात आहे का ते बघायला जाड ठोकळ्यात जरासा काप घ्या, मशीन बंद करा, ठोकळा टेबलावरच अर्धा फेरा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूनं त्याच कापात घालून बघा. अलगद गेला तर काटकोन बरोबर.

परभणीकर (धागाकर्ता)
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. मार्चअखेर, बँकेत डोकं वर काढता येत नव्हतं.

वरची दांडी आडवी चांगली तीन-चार मिलिमीटर हलत होती. बुश उघडले तर गोलाचे अंडाकृती झालेले. आमच्या इथल्या टर्नरनं ते बोटात धरून विचारलं, "साहेब, ही कोणत्या कंपनीची मोटार आहे वो?" पंपाची नाही म्हटल्यावर त्याचा रसच गेला, पण काम नंबरी केलं. दोन बुश आणि एक पिन, ४५० रुपये. कार्बन खरंच नखाएवढे होते. मिक्सरचे घेतले, कानशीनं घासून बसवले, आत-बाहेर मोकळे सरकतील इतके. मशीन खाली रबराची जाड पट्टी देऊन सागवानी ओट्याला बोल्टनं आवळलं. चहाचा कप आता जागेवर राहतो. पूर्ण वेगाला घर्रर्र आवाज आहे, खटखट गेली.

अर्थिंगचं करंटवाल्यांनी सांगितलं म्हणून बघितलं, तर घरात नव्हतंच. पंधरा वर्षं राहतोय इथं. ते आधी करून घेतलं.

भात्याच्या जागी मुलाच्या माशांच्या टाकीतला हवेचा पंप लावलाय, नळी पात्याच्या तोंडाशी. मासे तक्रार करतील म्हणून दुसरा आणावा लागला.

चिमट्याचा पहिला नमुना टर्नरनं लोखंडी केला, फार जड झाला, थरथर परत आली. ताई म्हणाल्या तेच. आता ॲल्युमिनियमचा सांगितलाय, सोमवारी मिळेल. तोवर पिनेच्या पात्यावर जाळीचा बाहेरचा घेर कापून घेतला. मोराची मान राहिलीय. २ नंबरची सपाट पाती परभणी किंवा नांदेडला कुणाकडं सुटी मिळतात का? ऑनलाइन डझनाच्या खाली देईनात, आणि माझ्या हातून आधी चार-पाच तुटणार हे मला माहीत आहे.

लातूरची जाळीवाली
डझनच घ्या दादा. चार-पाचवर भागत नाही.