हैदराबादहून रत्नागिरीला जुनी लेझर होडी कशी आणावी?

भाट्येकर:
नमस्कार मंडळी. भाट्याच्या खाडीत शिडाची होडी चालवायची माझी फार वर्षांची इच्छा आहे. हैदराबादला एका गृहस्थांकडे जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, मिळतेय. डोलकाठी, दोन शिडं, सुकाणू सगळं देतायत. पण सोलापूर-कोल्हापूर करून आंबा घाटाने उतरायचं म्हणजे साडेसहाशे किलोमीटरच्या वर. आमच्या वॅगनआरच्या टपावर बांधली तर चालेल का?

नाळेवरची:
टपावर नको. वजन 59 किलोच असतं, पण लांबी 4.23 मीटर, म्हणजे तुमच्या गाडीपेक्षा होडीच लांब. घाटात वारा खालून शिरला की पट्टे सुटतात. ट्रकच बघा.

पानशेतकर:
मी 2017 साली हैदराबादहूनच पुण्याला लेझर आणली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्वतः जाऊन बघा, फोटोवर पैसे देऊ नका. डोलकाठी ज्या भोकात उभी राहते त्यात पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरलं तर तळाला चीर आहे आणि ते होडीच्या पोटात जातंय. शिडाचा सगळा जोर तिथेच येतो, त्यामुळे हे तपासल्याशिवाय बोलणी करू नका. मग भोकाभोवती डेकवर अंगठ्याने दाबून बघा. लादीपाव दाबल्यासारखं खाली गेलं तर आतला फोम सुटलाय. डोलकाठीचे दोन्ही तुकडे सपाट फरशीवर लोळवा, वाकलेला तुकडा लगेच कळतो.

आता ट्रक. 17 फुटी गाडीत होडी आरामात मावते. मी स्वस्त पडतो म्हणून रिटर्न लोडचा, म्हणजे परतीच्या वाटेवर माल घेणारा, ट्रक घेतला. जुन्या गाद्यांवर होडी पालथी ठेवली, भार कडांवर येईल अशी, आणि वरून रुंद पट्टे बांधले. इथवर सगळं बरोबर होतं. ड्रायव्हरने सोलापूरला कांद्याची पोती चढवली आणि त्यातली चार होडीच्या तळावर रचली. पुण्यात ताडपत्री काढली तर डॅगरबोर्डच्या (होडीच्या मधून पाण्यात खाली सरकवायच्या फळीच्या) फटीपाशी वीतभर तडा. हात फिरवला तर फायबरचे धागे बोटात घुसत होते. दुरुस्तीत दोन महिने गेले. त्या दिवशी मला रडू आलं होतं, खरंच.

म्हणून गाडी पूर्ण आपलीच ठरवा आणि वाटेत दुसरा माल चढणार नाही हे लिहून घ्या. जमलं तर सोबत बसून या. होडीचं मागचं बूच काढून ठेवा. उन्हात आतली हवा फुगते, तिला वाट हवी. शीड घडी न घालता गुंडाळून केबिनमध्ये ठेवा. विक्रीची पावती जवळ हवीच, आणि किंमत 50 हजारांवर असेल तर ई-वे बिलाचं (माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचं) ट्रान्सपोर्टवाल्याला आधीच विचारा.

नाळेवरची:
दोन शिडांपैकी एक रेडियलचं, म्हणजे लहान मापाचं, आहे का विचारा. मोठं 7.06 चौरस मीटरचं, रेडियल 5.76 चं. शिकताना रेडियलच बरं. त्याला डोलकाठीचा खालचा तुकडा वेगळा, आखूड लागतो, तो देतायत का बघा. आणि 2019 नंतरच्या जाहिरातींत हीच होडी 'इल्का' नावाने असते, सुटे भाग शोधताना दोन्ही नावं टाका.

भाट्येकर:
जाऊन आलो. अर्ध्या तासात पाणी बोटभर उतरलं. डेक मात्र घट्ट आहे आणि डोलकाठी सरळ. सोडून देऊ का?

पानशेतकर:
डेक घट्ट असेल तर सोडू नका. चीर तळाशीच आहे, फायबर आणि रेझिनने ती भरता येते. त्यांना पाणी उतरलेलं दाखवा आणि दुरुस्तीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या बोटींचं फायबरचं काम करणारे मिळतील. फक्त भोक आतून पूर्ण वाळल्याशिवाय रेझिन ओतू देऊ नका. पंखा लावून चार दिवस ठेवा.

भाट्येकर:
ठरलं. शनिवारी गाद्या घेऊन निघतोय, परत येताना ट्रकमध्ये मीच बसणार.