मोटरवाली ऑनिंग वाऱ्याने उलटून छतावर गेली, आता पुढे काय?

मंडळी नमस्कार,

मागच्या शनिवारी आमच्या राहायच्या ट्रेलरची ऑनिंग, म्हणजे बाजूच्या भिंतीला लावलेलं सावलीचं गुंडाळतं कापडी छप्पर, गेली. गेली म्हणजे अक्षरशः उलटून छतावर जाऊन पडली. दुपारी तीनला झाडाचं पान हलत नव्हतं, फोनवर वारा ताशी १२ मैल दाखवत होता, म्हणून पूर्ण बाहेर काढून ठेवली आणि आम्ही समोरच तळ्याकाठी गेलो, फार तर दीडशे पावलं. लांबवर ढग काळे झाले होते पण आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. मग एकदम गार झुळूक आली, मुलगी म्हणाली बाबा थंडी वाजतेय, आणि मी वळून बघतो तर ऑनिंग शिडासारखी फुगलेली, कापड गुंडाळायची पुढची नळी एकदा वर एकदा खाली. धावत येऊन बटण दाबलं, मोटर घुं घुं करत अर्ध्यापर्यंत आली पण एका बाजूला कापड गोळा होऊन अडकलं, मी बटण दाबतोच आहे दाबतोच आहे, आणि मोटर चक्क गप्प झाली. पुढच्या झोताला मागचा आर्म, म्हणजे नळी धरणारी दांडी, वरच्या बाजूला भिंतीतून स्क्रूसकट उपटून वर गेला. पाऊस त्याच्यानंतर पाचेक मिनिटांनी आला!

आता गंमत बघा, कापड जेमतेम हातभर फाटलंय. मोटर दुसऱ्या दिवशी आपोआप चालायला लागली. ट्रेलर दीड वर्षाचा आहे पण डीलरनं वाऱ्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. तर नुसतं कापड बदलून चालेल का, वाऱ्याचा सेन्सर बसवून घ्यावा का, आणि मुख्य म्हणजे जमिनीला पट्ट्यानं बांधून ठेवली असती तर वाचली असती का? बायको म्हणते या मोटरवाल्या ऑनिंग मुळात खेळण्यासारख्याच असतात, जुन्या हाताने ओढायच्या होत्या त्या दणकट होत्या. मला उत्तर देता आलं नाही.

— नवशिका ट्रेलरवाला

---

अरे बाबा, आधी कुणाला लागलं नाही ना ते लिही. ती नळी ॲल्युमिनियमची असली तरी झोतात तोंडावर बसली तर दात पडतात. पुन्हा अशी वेळ आली तर धावत जाऊन ती हातानं धरायची नाही, कुणालाच धरू द्यायची नाही.

सूनबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जुन्या ऑनिंगचे आर्म भिंतीवरून काढून खाली जमिनीवर टेकवता यायचे, खुंटी ठोकली की मांडवाच्या खांबासारखे दोन पाय तयार. वाऱ्याचा जोर थोडा जमिनीत जायचा. मोटरवाल्यांत बहुतेकांना पायच नाहीत, दोन्ही आर्म नुसते भिंतीला लटकलेले, म्हणजे सगळी ओढ त्या चार ब्रॅकेटच्या मूठभर स्क्रूंवर. सोय वाढली आणि पाय गेले, असा तो सौदा आहे.

आकडेच सांगतो, नोकरीतली खोड जात नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. २० मैलांच्या वाऱ्याचा दाब चौरस फुटाला साधारण १ पौंड, ४० मैलांना ४ पौंड. तुझी ऑनिंग १६ बाय ८ धरू, १२८ चौरस फूट. वारा सपाट अंगावर घेतला तर २० मैलांना १३० पौंड, आणि ४० मैलांना पाचशेच्या वर. प्रत्यक्षात वारा तिरका लागतो म्हणून आकडा कमीजास्त होईल, पण ऑनिंगखाली शिरलेल्या वाऱ्याला समोर ट्रेलरची भिंत आडवी येते, तो तिथं कोंडतो आणि वरच ढकलतो, त्यात छतावरून जाणारा वारा वरून ओढतो. म्हणून ती उलटून छतावर जाते, खाली पडत नाही.

आणि तुझा तो १२ मैलांचा आकडा. तो सरासरी असतो, आणि जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोकळ्या जागी मोजायची पद्धत आहे. झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, ॲपमध्ये एक बोट खाली सरकवलं की सापडतो, तो बघायचा. पण तुझ्या बाबतीत तोही कामाला आला नसता. लांबच्या वादळी ढगातून पावसाबरोबर गार हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते, आणि तिची पुढची कड ढगाच्या कितीतरी मैल पुढे पळत असते. ऊन असताना अंगाला गार लागलं ना, तीच ती. तिथून तुझ्या हातात दीडशे पावलं पळून बटण दाबण्याएवढा वेळ नव्हताच, म्हणून स्वतःला फार बोल लावू नकोस. लांब गडगडलं की गुंडाळायची, एवढंच.

मोटर गप्प का झाली, तर त्या नळीतल्या बारक्या मोटरला तापल्यावर स्वतःहून बंद पडायची सोय असते. पंधरावीस मिनिटं थंड झाली की परत चालते. कापड गोळा झालं की बटण दाबून धरायचं नाही, दोन झोतांच्या मध्ये जरा शांत झालं की थोडी बाहेर सोडायची आणि परत आत घ्यायची.

कापडाचं सोड, भिंत बघ. आता लगेच. भोकात बोट घाल आणि मला कळव.

— जुना खजिनदार

---

काका, सगळे सुखरूप आहेत, विचारलंत बरं वाटलं. बोट घातलं. आत लाकूड लागतंय, ओलं आहे, आणि वरचं भोक गोल राहिलं नाहीये, कुंकवाच्या कोयरीसारखं लांबट झालंय. बाहेरचा पांढरा पत्रा ब्रॅकेटच्या भोवती दोन बोटं फुगलाय, दाबला की आत जातो आणि परत वर येतो. हे वाईट आहे का?

— नवशिका ट्रेलरवाला

---

वाईट आहे. तो फायबरग्लासचा थर आहे, पत्रा नाही, आणि आतल्या प्लायवरून सुटायला लागलाय. आजच्या आज भोकं टेपनं बंद कर, पण आधी सुकू दे, पंखा लाव. ओलं बंद केलंस तर आतल्या आत कुजेल. विम्याला कळवायच्या आधी फोटो काढ, टेपमाप बाजूला धरून काढ, म्हणजे भोक केवढं ते दिसतं. आणि क्लेममध्ये नुसतं "ऑनिंग फाटली" लिहू नकोस, भिंतीचं लिही, मोठं नुकसान तिथं आहे. झिजून खराब झालं तर विमा देत नाही, वादळानं अचानक झालं तर सहसा देतो, म्हणून तारीख वेळ आणि त्या दिवसाचा हवामानाचा रेकॉर्ड जोडायचा.

— जुना खजिनदार

---

दादा, मधे पडते, राग नसावा. आमच्या मोटरहोमला सेन्सर आहे म्हणून त्याबद्दल लिहिते, कारण मंडळात दोनतीन जणांनी माझं बघून बसवून घेतला आणि आता मलाच दोष देतात!

आमचा सेन्सर वाऱ्याचा वेग मोजतच नाही. पुढच्या पट्टीत एक छोटी डबी आहे, ती पट्टी किती हलते ते बघते आणि ठरावीक हादऱ्यांनंतर मोटरला आत घे म्हणून सांगते. नाजूक सेटिंगला ठेवला तर मुलांनी लोंबकळलं की ऑनिंग आत, माणसं उन्हात. जाड सेटिंगला ठेवला तर ती उठेपर्यंत कार्यक्रम आटोपलेला. शिवाय आमच्या ऑनिंगला पूर्ण बाहेरून पूर्ण आत यायला २४ सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. झोत काय २४ सेकंद थांबतो? आणि बॅटरीचा मेन स्विच बंद करून फिरायला गेलं तर सेन्सर झोपलेलाच, हे आमच्या ह्यांनी एकदा करून दाखवलंय. मी असं म्हणत नाही की घेऊ नका. वारा हळूहळू वाढत जातो त्या दिवशी तो खरंच वाचवतो, दोनदा वाचवलंय. पण तो आहे म्हणून ऑनिंग उघडी टाकून गावभर हिंडायचं हे मात्र नाही.

बांधायचं म्हणाल तर आम्ही बांधतो. स्प्रिंगवाला पट्टा आणि स्क्रूसारखी जमिनीत फिरवायची खुंटी, दोन्ही टोकांना. कापड आणि आर्मच्या मध्ये फडफड थांबवायचे क्लॅम्पही लावतो, त्याने निम्मा आवाज जातो आणि शिवणही कमी उसवते. तीन वर्षांत काही झालं नाही.

— मोटरहोमवाली वहिनी

---

वहिनी, क्लॅम्पबद्दल शंभर टक्के सहमत, पट्ट्याबद्दल नाही. भांडण नको पण लिहितोच.

पट्टा बांधला की वर उचलणारा वारा खुंटीवर जातो हे खरं. पण वारा दर वेळी वरच उचलतो असं थोडंच आहे, वरून दाबला किंवा पाणी साचलं की तुमचा ताणलेला पट्टाही वजनाच्याच बाजूने खाली ओढायला बसलाय. मोटरवाल्या ऑनिंगचे आर्म स्प्रिंग नाहीतर गॅसच्या दांडीवर असतात, त्यांना थोडं वरखाली व्हायची मुभा लागते. आणि सगळ्यात मोठं, वादळ आलं की आधी दोन पट्टे सोडा, दोन खुंट्या, अंधारात, पावसात, मग बटण. तुमचा सेन्सर उठला तर मोटर पट्ट्याशी कुस्ती खेळणार! बटण दाबून आत घेता येतं हा मोटरवालीचा एकच मोठा फायदा, आणि तोच आपण दोरीनं बांधून टाकायचा?

मी काय करतो तर वारा असेल तेव्हा अर्धीच बाहेर काढतो. लोकांना वाटतं अर्धी काढली म्हणजे जोर अर्धा. नाही, वारा लागणारं कापड अर्धं आणि भिंतीपासूनचं अंतरही अर्धं, म्हणून ब्रॅकेटवरची पिळवट साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. सावली अर्धी मिळते ती मिळते. ज्यांच्या आर्मला अर्ध्यावर कापड ढिलं पडतं त्यांनी मात्र हे करू नये, ढिलं कापड जास्त फडफडतं.

वारा मोजायचं यंत्र कुणी खिशात घेऊन हिंडत नाही म्हणून एक खूण सांगतो. धूळ आणि कागद उडायला लागले, बारीक फांद्या हलायला लागल्या की १३ ते १८ मैल. पानांनी भरलेली छोटी झाडं अख्खी डोलायला लागली की १९ ते २४. ही ब्युफोर्टची मोजपट्टी, खुणांवरून वारा ओळखायची, १८०५ पासूनची, मुळात खलाशांसाठी केलेली, आपणही शीडच उघडून बसतो की. माझ्याकडे फांद्या हलल्या की ऑनिंग आत जाते, झाड डोलायची वाट बघत नाही.

पाण्याचं राहिलं. एक टोक खाली ठेवायचं, नाहीतर मधे तळं साचतं. तीन बाय तीन फुटांचं, सरासरी चार इंच खोल डबकं म्हणजे १८५ पौंडांच्या वर, माणसाएवढं वजन मधोमध झोपलंय. नळी मधून वाकते, आणि वाकलेली नळी मग कधीच सरळ गुंडाळत नाही. खूप ऑनिंग वाऱ्याने गेल्या असं म्हणतात त्या आधीच पाण्याने वाकलेल्या असतात, वारा फक्त नाव घेऊन जातो.

— जुना खजिनदार

---

काका, दादा म्हणून हाक मारली तर तुम्ही थेट ब्युफोर्टपर्यंत गेलात. ठीक आहे, पट्टा फक्त आम्ही तिथेच बसलेलो असताना लावू आणि सेन्सर तेव्हा बंद ठेवू. एवढं तरी मान्य करा.

— मोटरहोमवाली वहिनी

---

मान्य.

---

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय.

भिंत उघडली. म्हणजे ब्रॅकेट काढला. काकांनी फोनवर बजावलं होतं की स्क्रूला हात लावायच्या आधी आर्म दोरीनं घट्ट बांध, आत स्प्रिंग ताणलेली असते, सुटला तर हात तुटेल, तसं बांधलं, तीन वेढे. बरं झालं, शेवटचा स्क्रू निघाल्यावर आर्मनं दोरीला जो हिसका दिला तो बघून मी दोन मिनिटं खालीच बसलो.

आत काय होतं सांगतो. वरच्या चार स्क्रूंपैकी दोनच स्क्रू आतल्या लाकडाच्या पट्टीत गेलेले होते. बाकीचे दोन पट्टीच्या अर्धा इंच बाजूला, नुसत्या पातळ प्लायमध्ये आणि पुढे फोममध्ये, त्यांच्या आट्यांत पांढरा फोमचा भुगा चिकटलेला. म्हणजे दीड वर्ष ती ऑनिंग निम्म्याच स्क्रूंवर उभी होती. स्क्रूंच्या मागे सीलंट होतं पण एकाच बाजूला, म्हणून लाकूड काळं पडलंय, हे त्या शनिवारच्या पावसाचं नाही, जुनं आहे. ते विमावाल्याला सांगायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. मी सांगितलं. त्याने काळ्या लाकडाचं सोडून बाकीचं मान्य केलंय.

काळं लाकूड कोरून नवीन पट्टी घातली, भोकं इपॉक्सीनं भरून नव्यानं पाडली, मागे पाणी अडवणारी चिकट ब्युटिल टेप आणि वरच्या तीन कडांना सीलंट, खालची कड उघडी, म्हणजे चुकून पाणी गेलंच तर बाहेर पडेल. कापड नवीन घेतलं. व्हायनिल की ॲक्रिलिक यावर फार डोकं खाल्लं, शेवटी व्हायनिलच, कारण पाऊस ठिबकू नये एवढीच अपेक्षा. ॲक्रिलिकमधून हवा खेळते, लवकर सुकतं, ज्यांना फक्त सावली हवी त्यांनी ते बघावं. जुन्या कापडाची शिवण नखानं ओढली तर दोरा तुटत होता, कापड मात्र ठीक, उन्हानं आधी दोरा जातो. म्हणून नव्या कापडाच्या शिवणीवरून दर हंगामाला नख फिरवणार.

सगळ्यांनी एकदा एक गोष्ट करा. आर्मच्या ब्रॅकेटवर हात ठेवा आणि दुसऱ्याला पुढची नळी हळूच वरखाली करायला सांगा. ब्रॅकेट भिंतीवर केसभर जरी हलला तरी हाताला लागतं. माझा पुढचा, न उपटलेला ब्रॅकेटसुद्धा हलत होता.

— ट्रेलरवाला

---

आमचा मागचा हलतोय. खालचा. आत्ताच बघितलं. ह्यांना शनिवारी काम मिळालं.

प्रवासाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून घाईत लिहिते, हायवेवर मोटरवाली ऑनिंग उघडली जाते ती कधीकधी मोटरचा ब्रेक झिजल्यामुळे, नळी आतल्या आत थोडीथोडी फिरते आणि कापडाच्या कडेत वारा शिरला की झालं. निघायच्या आधी नळी हातानं फिरवून बघायची, फिरली तर पट्टा बांधून निघायचं. हा पट्टा तरी चालेल ना काका?

— मोटरहोमवाली वहिनी

---

हा चालेल. दोन बांधा.

आणि ट्रेलरवाल्या, माझी शिडी आणि इपॉक्सीची बंदूक तुझ्याकडेच आहे, वहिनींकडे शनिवारी लागेल.

— जुना खजिनदार