गायरानाचा एनडीव्हीआय वाढतो आहे, पण चारा घटतो आहे: याचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न
सांगोला तालुक्यातील एका गायरानासाठी मी सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांवरून दरवर्षीच्या ऑक्टोबरचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, काढला. २०१५ ते २०२२ या काळात आलेख चढता दिसतो. मात्र तेथे मेंढ्या चारणारे धनगर ठामपणे सांगतात की, पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवते दिसेनाशी झाली असून दिवाळीनंतर कळपाला चारा पुरत नाही. ग्रामसभेपुढे यातले काय मांडावे?

प्रतिसाद १
आपल्या मालिकेची सुरुवातच दुष्काळी वर्षाने झाली आहे. २०१५ मध्ये सोलापूर जिल्हा होरपळला होता, तर २०२० आणि २०२२ मध्ये भरपूर पाऊस झाला. त्यामुळे माळात काहीही बदल झाला नसता तरी रेषा वरच गेली असती. प्रथम प्रत्येक वर्षाच्या पावसावरून अपेक्षित एनडीव्हीआय काढावा, तो प्रत्यक्ष आकड्यातून वजा करावा आणि उरलेल्या फरकाचा कल पाहावा. यासाठी आठ वर्षे अपुरी आहेत, म्हणून लँडसॅट उपग्रहांच्या ३० मीटरच्या चौकटींच्या जुन्या प्रतिमा जोडाव्यात. मोडिस या उपग्रहावरील संवेदकाची मालिका २००० पासून सलग मिळते, परंतु तिच्या २५० मीटरच्या चौकटीत शेजारची डाळिंबाची बागही मोजली जाईल.

आणखी एक खबरदारी घ्यावी. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या मूल्यांत १००० हा स्थिर आकडा मिळवलेला असतो. तो वजा केला नाही, तर त्यापुढील एनडीव्हीआय खोटाच कमी दिसतो.

प्रतिसाद २
पावसाचा मुद्दा योग्यच आहे, पण माझ्या मते खरे उत्तर धनगरांच्या बोलण्यात आहे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि निकट-अवरक्त किरण परावर्तित करते, एवढेच हा निर्देशांक टिपतो. ते पान मारवेलचे आहे, तरोट्याचे की गाजर गवताचे, हे त्याला कळत नाही. मेंढी जे खात नाही तेच माळावर टिकते आणि पसरते, त्यामुळे बिघडलेले कुरणही ऑक्टोबरमध्ये हिरवेगार दिसू शकते. आपण एप्रिलच्या प्रतिमाही पाहाव्यात. तेव्हा गवत वाळलेले असते, वेडी बाभूळ मात्र हिरवी असते. एप्रिलचा आकडा वर्षानुवर्षे चढत असेल, तर गवताच्या जागी झुडपे येत असल्याची शंका घ्यावी.

प्रश्नकर्ता
एप्रिलचा आलेख आताच काढून पाहिला. ओढ्याकडच्या बाजूला तो स्पष्टपणे चढतो आहे, उरलेल्या माळावर जवळजवळ सपाट आहे.

प्रतिसाद ३
मग ओढ्याकडचा भाग आणि सपाट माळ असे दोन वेगळे नकाशे करावेत, कारण दोन्हींची सरासरी कोणाच्याच उपयोगाची नाही. पावसाळा संपताना प्रत्येक भागात एक मीटरच्या चौकटी टाकून गवत कापावे, जातीनुसार वेगळे करावे आणि वाळवून वजन करावे. जाती ओळखण्यासाठी त्याच धनगरांना सोबत घ्यावे व त्या दिवसाची मजुरी द्यावी. सपाट माळावर मुरूम उघडा असल्यास मातीचा परिणाम कमी करणारा सॅव्ही निर्देशांक वापरावा. चराईबंदीचा विषय ग्रामसभेत निघाला, तर ही वजने हाती येईपर्यंत निर्णय थांबवण्याची विनंती करावी. झुडपांमुळे घटलेला चारा मेंढ्यांच्या नावावर टाकला जाऊ नये.