जर्मनी समजून घेण्यासाठी आधी इतिहास वाचावा की कादंबरी?

प्रश्न – पानउलट्या

गेले वर्षभर मी जर्मन इतिहासाची पुस्तके वाचतो आहे. व्हर्सायचा तह, 1923 ची चलनवाढ, 30 जानेवारी 1933 रोजी हिटलरचे चॅन्सेलर होणे, हा क्रम आता तोंडपाठ झाला आहे; तरीही ज्यासाठी हे वाचन सुरू केले ते हाती लागलेले नाही. त्या काळात साधी माणसे स्वतःची समजूत काय घालून जगत होती आणि नंतरच्या पिढ्यांना 'हा देश माझा' म्हणताना काय वाटते, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्यासाठी कादंबऱ्यांकडे वळावे का? शिवाय 'हाइमाट' हा शब्द वारंवार आडवा येतो. अनुवादांत तो कधी 'घर' होतो, कधी 'मायभूमी', आणि दोन्ही वेळा काहीतरी निसटल्यासारखे वाटते.

उत्तर 1 – दप्तरदार

कादंबरीची घाई करू नये, असे माझे मत आहे. आधी अशा माणसांचे लेखन वाचावे, ज्यांना लिहिताना शेवट ठाऊक नव्हता. सेबास्टियन हाफनर यांनी 1939 मध्ये इंग्लंडमध्ये, निर्वासित असताना लिहिलेले आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर 2000 साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीत ते 'डिफाइंग हिटलर' या नावाने मिळते. त्यात 1933 मधला एक प्रसंग आहे. तरुण हाफनर बर्लिनच्या न्यायालयाच्या ग्रंथालयात काम करीत बसलेले असताना तपकिरी गणवेशातले नाझी लोक आत शिरतात, ज्यू सहकाऱ्यांना बाहेर काढतात, आणि त्यांच्यातला एक जण हाफनर यांच्यासमोर येऊन 'तुम्ही आर्य आहात का?' असे विचारतो. ते 'हो' म्हणतात. नाझींच्या लेखी 'आर्य' म्हणजे ज्यू नसलेला, त्यामुळे उत्तर खोटे नसते. पण हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण त्या उत्तराने मान्य केला, हे पुढच्याच क्षणी लक्षात येऊन त्यांना स्वतःची लाज वाटते. तुम्ही शोधता आहात ती गोष्ट मला या एका 'हो'मध्ये दिसते.

सोबत व्हिक्टर क्लेम्पेरर वाचावेत. ड्रेस्डेनच्या या ज्यू वंशाच्या प्राध्यापकांची नोकरी 1935 मध्ये गेली. पत्नी एव्हा 'आर्य' असल्यामुळे ते छावणीत जाण्यापासून वाचले. रोजनिशी सापडली असती तर जिवावर बेतले असते, म्हणून एव्हा तिची पाने एका डॉक्टर मैत्रिणीकडे पोचवीत असत. त्या नोंदींतून 1947 साली नाझी राजवटीच्या भाषेवरचे पुस्तक तयार झाले. 'फनाटिश', म्हणजे माथेफिरू, हा शब्द बघता बघता स्तुतीचा कसा झाला, हे त्यांनी टिपले आहे. मोठमोठ्या भाषणांपेक्षा असे सुटे शब्दच अधिक भिनतात, असे त्यांचे निरीक्षण आहे.

उत्तर 2 – शब्दखुणा

दप्तरदारांशी मी निम्मीच सहमत आहे. रोजनिशी लिहिणारा बहुधा जागा असतो. झोपेचे सोंग घेतलेल्या माणसाच्या आत शिरायचे तर कादंबरीच लागते. जेनी एर्पेनबेक यांच्या 2008 च्या 'हाइमझूखुंग' या कादंबरीत ब्रांडेनबुर्गमधल्या एका सरोवराकाठचे घर आहे, आणि विसाव्या शतकभर त्यात माणसे येतात नि जातात. एक वास्तुविशारद देश सोडू पाहणाऱ्या ज्यू शेजाऱ्यांची जमीन निम्म्या किमतीत घेतो. मग पोहून आल्यावर तो त्यांच्याच मागे राहिलेल्या टॉवेलने अंग पुसतो, आणि त्याच्या मनात काय येते, तर कापड उंची आहे! लेखिका त्यावर एक शब्दही बोलत नाही.

'हाइमाट'ला मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'तुमचे गाव कोणते?' या प्रश्नातला 'गाव' हा शब्द. त्यात घर, बोली, वास आणि ओढ हे सगळे येते, राष्ट्र मात्र येत नाही. नोरा क्रुग यांच्या 'हाइमाट' नावाच्या सचित्र पुस्तकात आजोबांनी युद्धानंतर अमेरिकी प्रशासनाला भरून दिलेली प्रश्नावली त्यांना सापडते. या प्रश्नावलीत 131 प्रश्न असत आणि नाझी राजवटीत माणसाचा वाटा किती होता ते त्यावरून ठरवून त्याची पाचांपैकी एका वर्गात गणना होई. आजोबा 'मिटलॉयफर' ठरले. मराठीत 'प्रवाहपतित' म्हटले की दोष प्रवाहावर ढकलला जातो. जर्मन शब्दाचा अर्थ मात्र 'सोबत चालणारा' असा आहे, म्हणजे पाय त्या माणसाचेच आहेत.

उत्तर 3 – तिसरा बाक

वरच्या दोन्ही उत्तरांत आपलेपणाचा प्रश्न जर्मन घराण्यांपुरताच राहिला आहे. 30 ऑक्टोबर 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांना 'पाहुणे कामगार' म्हटले गेले, आणि पाहुण्याने परत जायचे असते हे त्या शब्दातच गृहीत होते. 1913 चा जर्मन नागरिकत्वाचा कायदा वंशावर आधारलेला होता. परदेशी आईवडिलांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना जन्मतःच नागरिकत्व मिळण्याची वाट, तीही अटींसह, 1 जानेवारी 2000 पासून खुली झाली. एमिने सेव्गी ओझ्दामार 1965 मध्ये बर्लिनच्या कारखान्यात कामाला आल्या आणि पुढे जर्मनमध्ये लिहू लागल्या. त्यांच्या 1990 च्या पुस्तकाचे नाव 'मुटरत्सुंगे', म्हणजे आईची जीभ. तुर्कीत 'दिल' या शब्दाचा अर्थ जीभही होतो आणि भाषाही. हा दुहेरी अर्थ त्यांनी जर्मनमध्ये तसाच रुजवला. जर्मन साहित्यातला मोठा सन्मान मानले जाणारे ब्युख्नर पारितोषिक त्यांना 2022 मध्ये मिळाले.

पानउलट्या

सर्वांचे आभार. आधी हाफनर, मग सरोवराकाठचे घर, असे ठरवतो. दप्तरदारांना एक विचारायचे आहे: क्लेम्पेरर यांची रोजनिशी आणि भाषेवरचे पुस्तक यांपैकी आधी कोणते घ्यावे?

दप्तरदार

भाषेवरचे. ते आटोपशीर आहे. रोजनिशीला पुष्कळ महिने लागतील, आणि त्यातली बटाट्यांची आणि कोळशाची विवंचना पाने गाळून वाचता येत नाही.