मदत हवी आहे: ग्रीनवूडचे ब्वावेर सापडले, पण दनवेर की जुबँ?

नवऱ्याच्या पूर्वजांचा शोध क्वेबेकमध्ये अडलाय. मॅसॅच्युसेट्सला आल्यावर ‘ब्वावेर’चं शब्दशः भाषांतर होऊन ‘ग्रीनवूड’ झालं, इथवर पक्कं. पण ब्वावेर हे ‘दि’ नाव, म्हणजे मूळ आडनावाला चिकटलेलं उपनाव. दनवेर दि ब्वावेर वेगळे, जुबँ दि ब्वावेर वेगळे. कोण कुठल्या नोंदीत कुठलं नाव लावेल, नेम नाही.

लोबिनियेर भागातली १८६८ ची लग्ननोंद मिळाली. एरवी चर्चच्या नोंदीत दोघांचे आईवडील असतात, आईचं माहेरचं आडनावही. हा नेमका बिजवर! त्यामुळे तिथे फक्त दिवंगत पहिल्या बायकोचं नाव आहे.

द्रुएँ संग्रहाच्या (क्वेबेकमधल्या चर्चनोंदींचा संग्रह) सूचीत तिन्ही आडनावं शोधली. त्याच पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) १८५० ते १८६८ ची पानं एकेक करून चाळली. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं, आणि पहिलीचं गाव माहीत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मृत्यूनोंदीत आईवडिलांचा रकाना कोरा. डीएनए चाचणी शक्य नाही. फ्रेंच वाचता येतं.

आता पहिल्या बायकोची दफननोंद तिच्या माहेरच्या आडनावाने शोधू, की दुसऱ्या लग्नाचा नोटरीकडचा करार? बिजवराच्या करारात आईवडिलांची नावं असतात का, आणि नोटरी कोण हे कसं शोधायचं?